टाकी निवळली

जागृतीच्या कारखान्यात टाकी गढूळ असली की सगळे खुशीत असत. ती निवळली की हातपाय गाळायची वेळ. ही उलटी रीत तिच्या बापाला, दामूला, काही केल्या पटत नसे. दामू शेलूच्या नव्या बिल्डिंगांमध्ये नळजोडणीची कामं करणारा माणूस. नळाला गढूळ पाणी आलं की शिव्या आपल्याला, एवढं त्याला आयुष्याने शिकवलेलं. "गढूळ पान्याचा पगार देतात व्हय गं तुला?" असं तो अधूनमधून विचारी. विचारताना तोंड वाकडं करी, पण लेक शिकल्या कामाच्या नोकरीला लागली म्हणून मनातून फुललेला असे.

पोशीरच्या बौद्धवाडीतली ही पोर. नेरळला शाळा, कर्जतला कॉलेज आणि पुढे उल्हासनगरला मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी. त्यानंतर काही वर्षं औषधांच्या कंपन्यांत तिने बाटल्यांवरची लेबलं सरळ आहेत का ते पाहिलं. शिक्षण एक आणि काम भलतंच, हे आपल्याकडे नवीन नाही. मग खालापूरच्या बाजूला एका जुन्या गोदामाच्या शेडमध्ये हर्षला मॅडमनी आपलं बिऱ्हाड मांडलं आणि जागृतीचं नशीब उघडलं. हर्षला मॅडम पुण्याच्या, परदेशात शिकून आलेल्या. त्यांना तिथे विषाणू पाळायचे होते.

विषाणू म्हटलं की करोनानंतर माणसं दोन पावलं मागे सरतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. हा विषाणू माणसाच्या वाटेला जात नाही. त्याचं अंग म्हणजे लांब, बारीक दोरा. आपल्या आतड्यात असतात तसल्या जीवाणूंच्या घरात तो शिरतो, तिथे आपली पिलावळ वाढवतो, पण घरमालकाला मारत नाही. भाडेकरू म्हणून सज्जनच म्हणायचा. त्याच्या सालीत जरा फेरफार केला की तो धातूचे कण अंगाला चिकटवून घेतो. असे धातूने माखलेले कोट्यवधी दोरे एकमेकांत विणले गेले की त्यांचा पातळ थर बॅटरीत बसवायचा. बॅटरी लवकर भरते, जास्त टिकते, आणि थर करायला भट्टी पेटवावी लागत नाही. साध्या पाण्यात काम होतं. निदान कागदावर तरी असं होतं आणि मॅडमच्या टेबलावरच्या चिमुकल्या बॅटऱ्यांतही होत होतं.

कोणता दोरा धातूला घट्ट धरतो ते निवडणं जागृतीकडे. दोरे धातूवर सोडायचे, धुवायचे, जे चिकटून राहिले तेवढेच पुन्हा वाढवायचे, पुन्हा धुवायचे. पोशीरमध्ये बियाण्यासाठी भाताच्या लोंब्या निवडतात तसलाच हा प्रकार, फक्त इथे लोंबी डोळ्याला दिसत नाही. असं करत करत तिने एक वाण काढलं. ते इतकं चिवट निघालं की मॅडम पहिल्यांदा खुर्चीतून उठून तिच्या टेबलापाशी आल्या. "जागृती, हे तुझं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी तिने घरी येताना नेरळहून जिलबी आणली आणि कशाची ते तिला कुणालाच नीट समजावून सांगता आलं नाही.

आता या वाणाचा कस लागणार होता. ई-स्कूटर बनवणाऱ्या एका कंपनीला चाचणीपुरता माल हवा होता आणि तो दिवाळीच्या आत द्यायचा होता. त्यासाठी नवी मोठी टाकी आली. तीत जीवाणू वाढवायचे, ते ऐन भरात आले की वाण आत सोडायचं. माल गेला तर खालापूरची शेड राहणार, नाही गेला तर पैसे लावणारे काम दुसरीकडे नेणार, हे मॅडमनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. आठ-दहा माणसांची शेड ती. सगळे आसपासचे, आणि पुन्हा असलं काम इथे मिळेल अशी कुणालाच आशा नव्हती.

या माणसांतले वयाने मोठे कोंडाजी काका. बॉयलर त्यांच्याकडे. टाकी, नळ्या, तोंडं, झाकणं सगळं वाफेने धुवून निघाल्याशिवाय या धंद्यात पान हलत नाही, आणि वाफ म्हणजे कोंडाजी. खोपोलीच्या एका बंद पडलेल्या गिरणीत त्यांची उमर बॉयलरपुढे गेलेली. त्या गिरणीत एकदा दुसऱ्या पाळीला बॉयलर फुटला होता आणि यांची पाळी नव्हती म्हणून हे वाचले. तेव्हापासून नमस्कार केल्याशिवाय त्यांनी कधी आग लावली नाही. हसणारे हसोत, पण फुटलेला बॉयलर ज्याने पाहिलाय त्याने हात जोडले तर मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

कोंडाजीही पोशीरचेच. जागृतीची स्कूटी होती, त्यांना मोटरसायकल झेपेना, म्हणून रोज ते तिच्या मागे बसून येत-जात. पोरगी पुढे आणि म्हातारा मागे, हातात डब्याची पिशवी; कर्जतच्या नाक्यावरचा पानवाला या जोडीला "आली एक्सप्रेस" म्हणायचा. दुपारी दोघं एकत्र डबा खात. इंदूबाईंच्या, म्हणजे काकांच्या मंडळींच्या हातच्या वालाच्या बिरड्याची जागृतीला चटक लागली होती आणि जागृतीच्या घरचं सुकटीचं कालवण काका बोटं चाटून खात. पोशीरला मात्र काका फाट्यावर चढत आणि फाट्यावरच उतरत. वाडीकडे ते कधी वळले नाहीत, तिनेही कधी वळवलं नाही. असं का, हे कुणी कुणाला विचारत नसतं.

दरवर्षी खंडेनवमीला बॉयलरची पूजा होई. बॉयलर शेडच्या बाहेर, पत्र्याखाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ आणि काकांच्या गाईचं गोमूत्र, गोठ्यातच बाटलीत धरून आणलेलं. आंब्याच्या टहाळ्याने ते चहूकडे शिंपडायचं. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून बॉयलर थंड. जागृती लांब उभी राही, प्रसाद घेई आणि आपल्या कामाला लागे. तिच्या घरात कसलीच पूजा नाही. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या घराने पाळल्या. पण दामूची आणखी एक शिकवण होती. एका बिल्डिंगच्या स्लॅबला ठेकेदाराने त्याला नारळ फोडायला सांगितला होता आणि तो "मी फोडत नाय" म्हणाला होता. ठेकेदार हसून बरं म्हणाला आणि पुन्हा कधी कामाला बोलावलं नाही. "आपलं आपन पाळायचं," दामू सांगे, "पन कामावं कुनाच्या देवाबद्दल तोंड उघडायचं नाय. तू चांगलं बोललीस तरी त्यांना वाकडंच ऐकू येनार."

यंदा टाकी नवीन होती. खंडेनवमीच्या सकाळी कोंडाजी म्हणाले, "बॉयलरला दर साली मान हाय, मग हिनं काय घोडं मारलंय? नवी सून दारात आली का आपन ओवाळून घेतो. ही तर आपली अन्नदाती."

मॅडम पुण्याला होत्या. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, हौस आहे तर करा, पण दाराबाहेर. आत काही न्यायचं नाही." काकांनी मान डोलावली आणि दाराबाहेर यथासांग पूजा मांडली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

जागृती तेव्हा आत टाकीपाशी होती. आदल्या दिवशी टाकी वाफेने धुवून ठेवलेली, पहाटे जीवाणू सोडलेले, आणि आता पाणी छान गढूळ होत आलं होतं. ऐन भराची वेळ तीच; ती टळली की वाण टाकून उपयोग नाही. ती झाकणाचं तोंड उघडून वाण आत सोडायच्या तयारीत होती. एरवी त्या तोंडावर आधी वाफ मारायची असते. आज बॉयलर थंड, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागवायचं ठरलं होतं.

पूजा आटोपून सगळे दाराशी आले. कोंडाजींच्या हातात टहाळा आणि बाटली. साईराज, शेडचा इलेक्ट्रिशियन, मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. काका उंबऱ्यात थबकले, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दारातून ओवाळली, पन तिच्या अंगावं थेंब नाय पडला तर काय उपेग? दोन थेंबांनी काय होतंय." चपला काढून ते आत आले.

जागृतीला माहीत होतं दोन थेंबांनी काय होतं. शेणात, गटारात, नदीत, जिथे म्हणून हे जीवाणू असतात तिथे त्यांना खाणारे रानटी विषाणूही असतात. ते भाडेकरू नव्हेत, दरोडेखोर. घरात शिरतात, घर फोडतात आणि शंभर होऊन बाहेर पडतात. गोठ्यातल्या त्या बाटलीत ते असणारच, हे एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता आलं असतं. स्पिरिट जीवाणूंना मारतं, पण असल्या विषाणूंपुढे त्याची फारशी मात्रा चालत नाही, हेही तिला माहीत होतं. ती "काका" म्हणायला तोंड उघडत होती.

तेवढ्यात साईराज म्हणाला, "जागृती, तुला चालत नसेल तर तू पाच मिनिटं बाहेर थांबलीस तरी चालेल हां." तो वाईट पोरगा नव्हता. कदाचित मनापासून काळजीनेच बोलला असेल. पण ते वाक्य शेडमध्ये पडलं आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आता ती काहीही बोलली असती, विषाणूचं, वाफेचं, झाकणाचं, तरी त्याचा अर्थ एकच निघणार होता. मोबाइल चालूच होता.

"नाय, चालतं की," ती म्हणाली आणि बाजूला सरली.

काकांनी टहाळा बुडवून टाकीवर हलकेच शिंपडलं. लेकराच्या डोक्यावर पाणी घालावं तसं. थेंब झाकणावर पडले, तोंडाच्या कडेवर पडले, एक तिच्या हातमोज्यावर पडला. सगळे पेढे खायला बाहेर गेल्यावर तिने झाकण पुसलं, पुन्हा पुसलं, मोजे बदलले, स्पिरिटची अर्धी बाटली संपवली. मॅडमना फोन लावावा असं वाटलं. पण काय सांगणार? की काकांनी शिंपडलं आणि मी बघत उभी राहिले? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. जीवाणूंची वेळ टळत होती. तिने झाकणाचं तोंड उघडलं आणि आपलं वाण आत सोडलं.

दसऱ्याच्या सकाळी टाकीच्या काचेतून आरपार दिसत होतं. वर फेस आला होता आणि खाली पाणी निवळशंख. साईराज म्हणाला, "वा, काय स्वच्छ झालंय." जागृतीने मॅडमना फोन लावला.

मॅडम तातडीने आल्या. टाकी उकळली, नवे जीवाणू सोडले. पाणी गढूळ झालं, सगळ्यांनी श्वास सोडला आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा निवळलं. दरोडेखोर आता नुसत्या टाकीत नव्हते. फुटलेल्या फेसाबरोबर ते शेडभर झाले होते, मोरीत, पंख्यावर, कपड्यांवर, हवेच्या जाळ्यांत. विषाणू पाळणाऱ्यांच्या घरात विषाणूनेच डल्ला मारला होता. मॅडमनी पाणी तपासलं, जाळ्या बदलल्या, जीवाणूंना घालायची साखर बदलली. हे आलं कुठून, एवढंच त्या विचारत राहिल्या. जागृती त्यांच्या शेजारी उभी राहून चिमटे, नळ्या हातात देत होती आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती.

शेवटी तिला राहवेना. दाराशी देवांच्या फोटोंची फळी होती, तिच्यावर ती गोमूत्राची बाटली अजून होती. तिने त्यातला थेंब घेऊन जीवाणूंच्या थाळीवर टाकला. दुसऱ्या दिवशी थाळीवरच्या जीवाणूंच्या सायीत भोकंच भोकं पडली होती. टाकीतल्या पाण्याच्या थाळीवर होती तशीच, तेवढ्याच आकाराची. दोन्ही थाळ्या घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगितलं.

मॅडमनी दोन्ही थाळ्या उजेडाला धरून पाहिल्या. "तू तिथे होतीस?"

"हो."

"मग सांगायचं होतंस गं, जागृती. नाही म्हणायचं होतंस."

मॅडमचंही खरं होतं. त्यांनी पुण्याहून फोनवर नाही म्हटलं होतं आणि का नाही, असं त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. काही माणसांचं नाही हे नुसतं नाही असतं. आपलं तसं नसतं, हे मॅडमना समजावून सांगायला कुठून सुरुवात करायची ते जागृतीला कळेना. तिने थाळ्या उचलल्या आणि मॅडमनी त्याचा काय अर्थ घेतला तो त्यांनाच ठाऊक.

मॅडमनी सगळ्यांना बोलावून कारण सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, आवाज चढवला नाही. शेण, गोमूत्र, नदीचं पाणी, यापुढे आवारातही नको, एवढंच. शोध कुणी लावला हे सांगायची गरजच नव्हती. साईराज जमिनीकडे बघत म्हणाला, "इतकी वर्षं काका शिंपडतात, कधी काय झालं नाय. आता बरं सापडलं." आणि मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिला आधीपासूनच नको होतं ते." ज्या वाक्याच्या भीतीने तिने त्या दिवशी तोंड मिटलं होतं तेच वाक्य शेवटी तिच्या पदरात पडलं, आणि टाकी गेली ती गेलीच. या हिशेबाचं तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

कोंडाजींनी बाटली उचलून बाहेर नेली आणि परत येऊन ब्लीचिंगची बादली मागितली. पुढचे कितीतरी दिवस सगळी शेड ब्लीचिंगने घासली गेली. सगळ्यांत जास्त घासली काकांनी, गुडघ्यांवर बसून, मोरीच्या कोपऱ्यापासून. हातांची सालं निघाली. बॉयलर दिवसभर धडधडत होता. जागृती शेजारी बसून घासे. दुपारी दोघं डबा उघडत, पण एकमेकांच्या डब्यात हात जात नसे. स्कूटीवर मागे काका असत, डब्याची पिशवी दोघांच्या मधे धरून.

दर खेपेला टाकी गढूळ व्हायची, कधी दिवसभर टिकायची, एकदा तर दीड दिवस टिकली आणि साईराजसुद्धा काचेला डोळा लावून बसला. मग फेस यायचा आणि पाणी निवळायचं. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीशी भांडायचं कसं? तिला घाबरवता येत नाही, तिच्या हातापाया पडता येत नाही, ती कुठे उरलीय ते विचारता येत नाही. फक्त घासत राहायचं आणि बघत राहायचं.

दिवाळी आली आणि गेली. पैसे लावणाऱ्यांनी काम बंगळूरला न्यायचं ठरवलं. तिथे नवी, कोरी इमारत होती आणि त्यांची स्वतःची माणसं होती. जागृतीचं वाण गोठवलेल्या नळ्यांत सुखरूप होतं. ते तिनेच सुक्या बर्फात बांधून दिलं. मॅडमनी तिचा हात हातात घेतला, "तुझ्यासाठी बोलते मी तिथे," म्हणाल्या, आणि बोलल्याही असतील. नळ्या गाडीत चढल्या. कागदांवर तिचं नाव होतं की नव्हतं, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी दोघं परत निघाली. पोशीर फाट्यावर भात झोडून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. काका उतरले, पण रोजच्यासारखे चालू लागले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेत उभे राहिले.

"पोरी, एक इचारू? त्या दिशी तुला ठावं व्हतं?"

"हो, काका."

"मंग बोलली का नायस गं?"

"साईराजनं आधीच इचारलं ना, तुला चालतं का म्हणून. त्याच्यावर मी काय पन बोलले असते तरी..."

काका मान खाली घालून उभे होते. एक टेंपो धूळ उडवत गेला, त्यांनी पिशवी तोंडापुढे धरली.

"लय दिस मनाशी म्हनतोय," ते म्हणाले, "का पोरीनं नुसतं काका म्हनून हाक मारली असती तर मी थांबलो असतो. रोज तिच्या पाठी बसतो, तिच्या डब्यातलं खातो, मी काय तिचं ऐकलं नसतं? असं म्हनतो आन् मग झोप लागते." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पन तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तू बोलली असतीस ना, तर मीच पयला म्हनलो असतो, हिला आमचा देव खुपतो."

जागृतीने मान हलवली. असं कुणीतरी म्हणणार, हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. फक्त साईराज म्हणेल, बाकीचे म्हणतील, असं ती धरून चालली होती. काकांना तिने त्यातून वगळलं होतं.